शेत कोळ्यांवर सोड

एकदा एक म्हातारा मोठ्या ऐटीत एक वाक्य बोलला आणि त्या वाक्याने उभं भात जळलं. दोष म्हाताऱ्याचा होता. तुडतुडे ही कीड; ती किडीसारखीच वागणार. दुकानदार औषध विकायला बसलेला. तो औषधच विकणार. शिकाऊ माणूस चुकणारच. परंतु ज्याला सारं ठाऊक होतं आणि ज्याने ते सरळ सांगितलं नाही, त्याला वगळून बाकीच्यांना बोल लावायचा, म्हणजे निव्वळ पांढऱ्या केसांना घाबरायचं. त्या म्हाताऱ्याचं नाव तातू.

खाडीच्या वरच्या अंगाला, जिथे पाण्याचा खारटपणा संपतो आणि भाताची खाचरं सुरू होतात, तिथे तातूंचं गाव होतं. भाताच्या बाबतीत साऱ्या पंचक्रोशीत तातूंचा शब्द अखेरचा मानला जाई आणि तो मान त्यांनी कमावलेला होता, हे कबूल केलंच पाहिजे. बांधावरून चालता चालता ते थांबत, वाकत, भाताचा चूड मुठीत धरून बुंध्याशी नाक नेत आणि सांगत की याला पाणी जास्त झालंय. आणि तसंच असे. त्यांनी जन्मात शेतावर औषध मारलं नव्हतं, तरी त्यांचं शेत कधी किडीने बसलं नव्हतं. त्यांच्या खाचरात तांबडं भात असे. ते बी गावात दुसऱ्या कोणाकडे उरलं नव्हतं; बाकीच्यांनी केव्हाच दुकानातलं, भरघोस येणारं बी धरलं होतं. तातूंकडे तांबड्या भाताची पेज शिजली की वास रस्त्यापर्यंत येई आणि जाणारा माणूस उगाच आत डोकावून "काय तातू, बरं आहे ना?" असं विचारी. तातू त्याला वाटी देत. तो कशासाठी डोकावतो ते सगळ्यांना ठाऊक होतं, तातूंनाही.

एवढं सगळं असून तातूंना एक खोड होती आणि आपल्याकडचे थोर म्हातारे ती खोड दागिन्यासारखी मिरवतात. सरळ बोलायचं नाही. कोणी विचारावं, "तातू, खत कधी टाकू?" तर तातू म्हणत, "जमीन जांभई देईल तेव्हा." विचारणारा मान डोलावून घरी जाई. बायको विचारी, काय म्हणाले? तो म्हणे, जमीन जांभई देईल तेव्हा. मग दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसत. खताची वेळ निघून गेली, तर लोक म्हणत, त्याला तातूंचं बोलणं झेपलं नाही. तातूंचं बोलणंच चुकलं असेल, असं म्हणायची कोणाची छाती नव्हती. उलट ते वाक्य देवळाच्या पायरीवर रंगवून सांगितलं जाई. तातू जवळून जाताना ते ऐकत आणि न ऐकल्यासारखं करत.

या गावात सगुण जावई म्हणून आला आणि तिथेच राहिला.

सगुण खाडीच्या मुखाशी वाढलेला, जातीने कोळी. मासळीच्या बाजारात शेवंती भाजी विकायला बसे, तिथे त्यांचं जुळलं. शेवंतीचे वडील वारले तेव्हा त्यांची खाचरं एकट्या मुलीच्या वाट्याला आली. तिचा चुलता यशवंत, त्याच्या तोंडात सदैव नीतीच्या गोष्टी आणि डोळा मात्र भावाच्या जमिनीवर. तो चार माणसांत म्हणाला, "मुलगी आपली आहे, तिचं वाईट व्हावं असं मला वाटत नाय. पण कोळ्याने भात लावायचं म्हणजे बेडकाने झाडावर चढायचं. एक साल बघू. पीक आलं तर शेत त्यांचं. नाय आलं तर पुढल्या पावसापासून मी कसणार आणि वर्षाचं तांदूळ त्यांना घालणार." चार माणसं अर्थातच म्हातारी होती. त्यांनी मान डोलावली. शेवंतीला कोणी विचारलं नाही.

म्हणजे सगुणला एक पावसाळा मिळाला होता. तेवढ्यात शेतकरी व्हायचं, नाहीतर चुलत्याच्या तांदळावर जगायचं, नाहीतर बायकोला घेऊन पुन्हा खाडीवर जायचं.

त्याचं खाचर तातूंच्या खाचराला लागून होतं. मध्ये एक बांध. तातूंनी त्याला शिष्य करून घेतलं, किंवा खरं सांगायचं तर सगुणनेच त्यांची पाठ सोडली नाही. तरवा, म्हणजे लावणीची रोपं, कसा काढायचा, काड्या किती खोल रोवायच्या, पाणी कुठून सोडायचं, हे तो तातूंच्या हाताकडे बघून शिकला. हात चांगलं शिकवत. तोंडाचा त्रास होता. श्रावण सरला तेव्हा सगुणचं भात असं उभं राहिलं होतं की देवळाच्या पायरीवरच्या लोकांनाही विषय बदलावा लागला.

गौरी-गणपती उठले आणि एका सकाळी सगुणला चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर, बारीक तपकिरी किडे दिसले. बोट लावलं की टणकन उडत. तुडतुडे. त्यांच्याबद्दल त्याने ऐकलं होतं की ते रस शोषतात आणि मधोमध गोल गोल भात वाळून जातं, जसं कोणी वर तापलेला तवा ठेवावा. नेमका तेव्हाच यशवंतकाका बांधावर येऊन उभा राहिला. अशा माणसांना वास लागतो.

"काय जावईबापू, बघितलंस ना? आता तरी माझ्या हातात दे. अजून वेळ गेली नाय. हे काय जाळं टाकून बांगडे काढायचं काम आहे?"

सगुण काही बोलणार एवढ्यात पलीकडच्या खाचरातून तातू सरळ झाले. दोन्ही हात चिखलाने भरलेले. त्यांनी यशवंताकडे पाहिलं, मग सगुणच्या भाताकडे पाहिलं, डोळे बारीक केले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं हसू आलं, एखादं वाक्य सुचल्यावर येई तेच.

"यशवंता," तातू म्हणाले, "शेत कोळ्यांवर सोड. त्यांना कळतं काय करायचं ते."

आणि पुन्हा वाकून कामाला लागले.

इथे जरा थांबलं पाहिजे. आपल्या भाषेत जाळं टाकून मासे धरणारा तो कोळी, आणि जाळं विणून माश्या धरणाराही कोळीच. तातूंच्या डोळ्यांपुढे आठ पायांचे कोळी होते. सगुणच्या भातात ते भरपूर होते: काही पानापानांत बारीक जाळी ताणून बसलेले, काही जाळं न विणता पाण्यावरून सरसर पळत शिकार करणारे. ते असताना तुडतुड्यांची भीती नाही, असं तातूंना म्हणायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं. परंतु आदराने बोलायचं असलं की आपण एका माणसालाही 'त्यांना' म्हणतो, आणि जावई म्हटला की आदर आलाच. आठ पायांचे की दोन पायांचा, हे तातूंचं तोंड सांगू शकलं असतं. त्याने सांगितलं नाही.

सगुणच्या कानात दोन पायांचा कोळी शिरला.

ज्या शब्दाने गेला पाऊसभर त्याला टोचलं जात होतं, तोच शब्द गावातल्या सर्वांत मोठ्या माणसाने, चुलत्याच्या तोंडावर, आदरार्थी वापरला होता. शेत कोळ्यांवर सोड. त्यांना कळतं. यशवंतकाका गप्प होऊन चालता झाला. सगुणची छाती एवढी फुगली की त्याला काही वेळ श्वास घेणं जमेना. घरी जाऊन त्याने शेवंतीला तीन वेळा सांगितलं.

"असं म्हणाले तातू? 'त्यांना' म्हणाले?"

"'त्यांना' म्हणाले."

"मग काय करणार आहेस?"

इथेच गोम होती. एवढा विश्वास टाकलेला माणूस काहीच न करता कसा बसेल? कळतं म्हणाले आहेत, तर कळल्यासारखं करून दाखवायला हवं. सगुण त्याच दुपारी बाजारात गेला.

दुकानदाराने विचारलं, "काय पडलंय?"

"तुडतुडे."

"मग हे घे. दोन दिवसांत शेत धुतल्यासारखं."

"बाकी काही होत नाय ना?"

"औषध आहे रे बाबा. औषधाने काय होतं?"

आपल्याकडे या विषाला औषध म्हणतात, म्हणून ते मारताना कोणाचा हात थरथरत नाही. सगुणने पंप पाठीवर चढवला, तोंडाला फडकं बांधलं आणि सकाळी सकाळी खाचराच्या एका कडेने सुरुवात केली. भर दुपारी तो थांबला तेव्हा शेतात आवाज नव्हता. रोज भातावर घिरट्या घालणारे चतुर नव्हते. पाण्यावर तुडतुडे मरून पडले होते, मूठ मूठ. त्यांच्यात पाय आखडून घेतलेले काळपट कोळीही तरंगत होते. सगुणने ते पाहिले. त्याला वाटलं, चला, तेही गेले, स्वच्छ झालं.

पंपाचा वास वाऱ्याने पलीकडे गेला आणि तातू काठी टेकत बांधावर आले. त्यांनी पाण्यात हात घातला. एक मेलेला कोळी तळव्यावर घेतला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच ना तातू!" सगुण हसत म्हणाला. त्याच्या भुवयांवर अजून औषधाचे थेंब होते. "तुम्हीच म्हणालात, शेत कोळ्यांवर सोड, त्यांना कळतं. तुम्ही तसं म्हणालात म्हणूनच धीर झाला. नाहीतर मी काय, बसलो असतो रडत."

तातूंनी तोंड उघडलं. सगुण वाट बघत राहिला, आता शाबासकी येणार म्हणून. तोंड मिटलं. तातूंनी तो कोळी पुन्हा पाण्यावर ठेवला, असा हळू, की तो उठून पळेल अशी आशा असावी, आणि काही न बोलता परत गेले. सगुण घरी जाऊन म्हणाला, "तातूंना शब्द सुचेना." ते मात्र खरं होतं.

पुढल्या दिवशी गावाने एक अजब प्रकार पाहिला. तातूंनी घरामागची पेंढ्याची उडवी मोडली, पेंढ्या भिजवल्या आणि आपल्या तांबड्या भाताच्या खाचरात, चुडांच्या मधे मधे, खुंट्या ठोकून उभ्या केल्या. पायरीवर नुसती चेष्टा चालली.

"म्हाताऱ्याने उभ्या भाताला पेंढा घातलाय खायला!"

"भात बाळंतीण असेल. शेक देत असतील."

"हसू नका रे, अर्थ असेल काहीतरी. तातू आहेत."

"अर्थ आहेच. म्हातारचळ म्हणतात त्याला."

सगुणही हसला. तातूंनी कोणालाच काही सांगितलं नाही. या वेळी ते न सांगणं ऐटीचं नव्हतं. त्यांच्या तोंडून शब्दच फुटत नव्हता. परंतु बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं आणि गावाला त्यांच्या गप्प बसण्याची सवय होतीच.

पितृपक्ष संपत आला तेव्हा शेवंती डबा घेऊन शेतावर गेली आणि तिथूनच ओरडली. सगुण धावला. खाचराच्या मधोमध परातीएवढा पट्टा पिवळा पडला होता. जवळ जाऊन चूड फाकवला तर बुंधा दिसेना. तुडतुडे एकमेकांवर बसले होते. पहिल्या वेळेला बोट लावल्यावर उडत होते. आता उडायलाही जागा नव्हती. दुसऱ्या सकाळी तो पट्टा घोंगडीएवढा झाला आणि आणखी एक पडला. भात नुकतं दुधात आलेलं होतं. लोंबी दाबली की पांढरा थेंब येई. पट्ट्यातली लोंबी दाबली तर काहीच येईना.

यशवंतकाका बांधावर उभा राहून च्‌ च्‌ करून गेला. जाताना शेवंतीला म्हणाला, "तुझ्या बापाचं शेत, पोरी. मला बघवत नाय." त्याला चांगलं बघवत होतं.

दुकानदाराने याहून कडक औषध दिलं. भर दुपारी, ऊन मी म्हणत असताना, सगुण पंपात पाणी ओतत होता. एवढ्यात बांधावर कोणीतरी येताना दिसलं. तातू होते. डोक्यावर ओल्या गोणपाटात गुंडाळलेला पेंढ्यांचा भारा, इतका मोठा की खाली माणूस आहे की नाही ते दिसू नये. त्यांनी सगुणला मदतीला हाक मारली नाही, परवानगी विचारली नाही. सरळ त्याच्या खाचरात उतरले, पिवळ्या पट्ट्याच्या कडेला पोचले आणि गोणपाट सोडून पेंढ्या भातात उभ्या करू लागले.

सगुणचा तोल गेला. "तातू, चेष्टा पुरे झाली! माझं शेत जळतंय आणि तुम्ही त्यात पेंढा लावताय? सगळा गाव हसतोय तुम्हाला, ठाऊक आहे?"

"हसू दे. पंप खाली ठेव."

"का ठेवू?"

"ठेव आधी, मग सांगतो. सगळं सांगतो. या वेळी सगळं सांगतो."

सगुणने पंप खाली ठेवला. तातूंनी एका पेंढीला बांधलेला आळा सोडला आणि ती हळूच झटकली. पेंढ्यातून कोळी बाहेर पडले. उन्हाला भिऊन आत दडलेले, लहान मोठे, करडे, पोटाशी अंड्यांच्या पुरचुंड्या चिकटवलेल्या माद्यासुद्धा. क्षणभर थबकले आणि मग पाण्यावरून सरसर पळत चुडांत शिरले. सगुणच्या पायाशी एकाने तुडतुडा धरला. त्याला तो धरताना दिसला.

तातू बांधावर बसले. धाप लागली होती.

"मी म्हणालो, शेत कोळ्यांवर सोड," ते म्हणाले. "ते हे कोळी. तू नव्हेस."

सगुण वाकून चुडांत शिरणाऱ्या कोळ्यांकडे बघू लागला.

"तुडतुडी अंडी घालते ती काडीच्या पोटात. तुझं औषध पडलं काडीच्या बाहेर. बाहेर होतं ते सगळं मेलं. तुडतुडे मेले. ते खाणारे कोळी मेले. चतुर मेले. एक बारीक हिरवा किडा असतो, तुडतुड्यांची अंडीच शोषून घेतो, तोही मेला. अंडी तेवढी राहिली. ती फुटली, पिल्लं बाहेर आली, आणि त्यांना खायला शेतात कोणी नव्हतं. तू चोराला मारायला गेलास आणि राखणीला बसलेल्यांना मारून आलास. चोर भिंतीच्या आत होता. आता हे दुसरं औषध मारशील, तर हेच पुन्हा, आणखी मोठं. पहिलं औषध पावसाने धुतलंय, म्हणून मी हे आज आणले. आता इथे तगतील."

आता या गोष्टीच्या रीतीप्रमाणे शिष्याने गुरूच्या पायावर डोकं ठेवायला हवं होतं. सगुणने ठेवलं नाही, आणि बरं केलं.

"मग त्याच दिवशी का नाय बोललात?" तो ओरडला. "'आठ पायांचे' एवढं म्हणायला काय जड होतं? दोन शब्द! मला वाटलं तुम्ही मला... मला वाटलं पहिल्यांदा कोणीतरी मला माणूस म्हणालं. आणि तुम्ही किड्यांबद्दल बोलत होतात! आणि मेलेला कोळी हातात घेऊन उभे होतात तेव्हा? तेव्हासुद्धा गप्प! मी मूर्खासारखा हसत होतो तुमच्यापुढे."

तातूंनी मान खाली घातली नाही. सगुणला पुढे कितीतरी दिवस तेच आठवत राहिलं. म्हातारा त्याच्या डोळ्यांत बघत राहिला.

"चूक माझी," ते म्हणाले. "माझी वाक्यं पायरीवर सांगतात, मी ऐकतो. गोड लागतात कानाला. त्या दिवशी यशवंताला कसा गप्प केला, त्याच नादात होतो. तू ऐकतोयस, तुला समजायला हवं, हे डोक्यातच आलं नाय. आणि नंतर तू म्हणालास 'तुम्हीच सांगितलंत', तेव्हा तोंड नव्हतं मला. सगळे म्हणतात, तातूंचं बोलणं झेपत नाय. झेपेल असं बोलणं माझं काम होतं."

सगुणने पलीकडे पाहिलं, तातूंच्या खाचराकडे, आणि त्याच्या एक गोष्ट लक्षात आली, जी आधीच यायला हवी होती.

"हे कोळी तुमच्या शेतातले. ते गोळा करायलाच पेंढा लावला होतात."

"मग काय बाजारातून आणले? तिथे मिळतात का?"

"मग तुमच्या शेतात आता काय आहे?"

"तांबडं भात आहे."

"तातू, इथले पंख फुटलेले तुडतुडे उद्या तिकडे जातील. तिकडे त्यांना खायला..."

"पुरले असते तर अर्धे ठेवले असते," तातू म्हणाले. "पुरत नव्हते. मी मोजमाप केलं मनात. अर्धे इथे, अर्धे तिथे, तर दोन्ही शेतं गेली असती. एक निवडायचं होतं." मग उठता उठता गुडघा दाबत म्हणाले, "तुला यशवंताच्या दारात तांदूळ मागायला जायला लागलं असतं ते माझ्या वाक्यापायी. माझ्या वाक्याचं मी बघतो. चल, अजून दोन भारे आहेत, आणि माझी मान मोडली."

सगुण उठला. ते दोन भारे त्याने वाहिले. शेवंतीही आली, तिने गोणपाटं भिजवली. पाणी सोडायची वाट मोकळी करून तातूंनी खाचर निथळायला लावलं, आणि ते करताना सगुणला कारण सांगितलं, सरळ, चार शब्दांत: तुडतुड्यांना बुंध्याशी दमट लागतं. सगुणने आश्चर्याने त्यांच्याकडे बघितलं. तातू ओशाळले.

पट्टे आणखी दोन दिवस वाढले. तिसऱ्या दिवशी होते तेवढेच राहिले. जळलेलं भात परत हिरवं झालं नाही, ते होत नसतं. पण पट्ट्याच्या कडेवर, पिवळं आणि हिरवं जिथे भेटतं तिथे, पहाटेच्या दवात जाळी दिसू लागली. सगुण रोज जाऊन ती बघे. त्याचे हात लहानपणापासून जाळी विणत आलेले. कुठली गाठ कशी पडली हे त्याला दिसे. एका सकाळी तो शेवंतीला म्हणाला, "अगं, यांचं जाळं तिरकं असतं. वाऱ्याला वाट देतात. आपण खाडीत तसंच लावतो." शेवंतीने विचारलं, "मग कोळी कोण, तू की ते?" तो म्हणाला, "ते थोरले. मी धाकटी पाती."

कापणी झाली. खळ्यावर यशवंतकाका चार म्हाताऱ्यांना घेऊन आला होता. पीक पुरं नव्हतं. पण पीक होतं. रास बघून कोणाला 'नाही' म्हणता येईना. यशवंतकाका तरी म्हणाला, "मधलं जळालंच की. कोळ्याने औषध मारून जाळलं."

"औषध त्याने मारलं," तातू म्हणाले. ते खळ्याच्या कडेला बसले होते. "माझ्या सांगण्याचा उलटा अर्थ झाला म्हणून मारलं. सांगणं माझं चुकलं. राहिलंय ते भात त्याने राखलंय. शेत त्याचं."

चार म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. तातू इतकं सरळ बोलल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. एकाने तर विचारलं, "म्हणजे काय, तातू? यात आतला अर्थ काय?"

"आतला अर्थ नाय," तातू म्हणाले. "एवढाच आहे."

ज्याने आयुष्यभर लोकांना कोडी घातली, त्याने आपल्या बोलण्याची किंमत दुसऱ्याच्या शेतातून वळती करून घेतली नाही. ती स्वतःच्या शेतातून मोजली, आणि वर त्याचं वाक्य केलं नाही. आपल्याला उपदेश करणाऱ्या वडीलधाऱ्यांत असा एक जरी सापडला, तरी त्याच्या पायाशी बसायला हरकत नाही. सगुण बसला. पुढल्या वर्षी गावात कोणी विचारलं, खत कधी टाकू, तर तातू विचारणाऱ्याला शेतावर नेत, बोटाने दाखवत आणि विचारत, "समजलं? नाय समजलं तर पुन्हा विचार." पायरीवर लोक हळहळत, की म्हातारा पूर्वीसारखा बोलत नाही.

परंतु ते पुढचं. त्या साली नव्याच्या पुनवेला, नव्या लोंब्या चौकटीला बांधायच्या दिवशी, सगुण सकाळीच आपल्या भाताची जुडी घेऊन तातूंच्या घरी गेला आणि दारावर त्यानेच ती बांधली. जुडीसोबत बांधायचं आंब्याचं पान तातूंनी धरलं.

सगुणच्या पलीकडचं तातूंचं खाचर बांधापासून बांधापर्यंत करपून गेलं होतं. तातूंच्या घरी त्या साली भाताचा दाणा आला नाही. पेरायला मूठभरही राहिलं नाही, आणि तांबडं भात त्या गावातून संपलं.